सातूचं पाणी, म्हणे!

माझ्या नवऱ्याला दारू आवडत नाही. कंपनीच्या पार्टीत अर्धा ग्लास बिअर घेतली तरी दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतो. त्याला आवडते ती प्रोसेस. चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे तो. दिवसभर गाड्यांचे ब्रेक तपासतो आणि घरी आला की माझं वरण तपासतो. अशा माणसाला कोणी घरी बिअर करायचे व्हिडिओ दाखवू नयेत. पण आमच्याच सोसायटीतल्या बी विंगच्या भाऊजींनी दाखवले. तेही त्याच कंपनीत, मेंटेनन्सला.

"तयार अर्काची पाकिटं मिळतात वहिनी, पण त्यात काय मजा? आपण धान्यापासून करायची. अख्ख्या जवापासून," भाऊजी म्हणाले.

"तुम्हाला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, भाऊजी," मी म्हटलं. त्यांनी मनावर घेतलं नाही.

अडचण एकच होती आणि ती हॉलमध्ये बसून लसूण सोलत होती. माझ्या सासूबाई. माझे सासरे दारूपायी गेले. त्यांना गुत्त्यावरून उचलून आणण्यात आईंची तरणी वर्षं गेली. पिंपळे सौदागरला आमच्याकडे राहायला आल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "या घरात दारू आली का मी उठून थोरल्याकडं गावाला जाणार. मग मला न्यायला येऊ नगा." बोलल्या म्हणजे करणार, त्यात शंका नाही. आणि मला आई घरात हव्या आहेत. चांगुलपणा म्हणून नाही हो. भांडायला, मालिका बघायला, नवऱ्याची खोड काढायला मला दुसरं आहे कोण?

यावर नवऱ्यानं उपाय काढला. आईंना म्हणाला, "आई, सातूचं पाणी करतोय. तुझ्या मुतखड्याला चांगलं."

मी त्याला स्वयंपाकघरात ओढला. "अरे, सख्ख्या आईशी खोटं बोलतोस?"

"टेक्निकली खोटं नाही," तो म्हणाला. "सातू म्हणजे जवच. यीस्ट टाकेपर्यंत ते सातूचं पाणीच असतं."

कप्पाळ माझं!

मग दोघं सामानाला लागले. विकतचं यंत्र घेणं कमीपणाचं, सगळं घरी बनवायचं. लग्नात थंड पाण्याला ठेवतात तसला मोठा कॅम्पर आणला, त्याचा नळ उपटून पितळी कॉक बसवला. गीझरच्या पाइपावरचं जाळीचं वेष्टण सोलून आत गाळणी म्हणून लावलं. ते सोलताना आमचा चालू गीझर बंद पडला, पण प्रगतीपुढे आंघोळ काय चीज आहे! रंगाच्या दुकानातून नवी कोरी बादली आली, मेडिकलमधून सलाइनची नळी आली. बादलीच्या झाकणाला भोक पाडून त्यात नळी खोचली, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. यीस्टनं काम सुरू केलं की इथून बुडबुडे येणार, असं मला दोघांनी वेगवेगळं समजावून सांगितलं. बाल्कनीत कंपनीत असतात तशा पिवळ्या पट्ट्या मारून बादलीची जागा आखली. माझी तुळस त्या पट्टीच्या बाहेर गेली.

ऑनलाइन मागवलेले मोड आणून वाळवलेले जव आले, ते भरडायला कोण गेलं? आई! पीठ नको, टरफल नुसतं फुटलं पाहिजे, एवढं लेकानं सांगितलं होतं. त्या गिरणीवाल्याच्या डोक्यावर उभ्या राहिल्या, दोनदा जातं वर-खाली करायला लावलं आणि हवा तसा भरडा घेऊन आल्या. रांगेतल्या बायकांना सांगत होत्या म्हणे, "पोराला माझी काळजी हाय बाई, माझ्यासाठी करतोय." हे त्यांनीच मला कौतुकानं सांगितलं. मला नवऱ्याची मान धरावीशी वाटली.

आता खरी गंमत. सुट्टीचा गुरुवार यायची वाट बघायला दोघांना दम नव्हता. त्या आठवड्यात नवऱ्याला फर्स्ट शिफ्ट, भाऊजींना सेकंड. म्हणून त्यांनी बिअरसुद्धा शिफ्टमध्ये लावली. आई सकाळी देवळात भजनाला गेल्या आणि भाऊजी माझ्या ओट्यावर आले. गरम पाण्यात भरडा घालून कॅम्परमध्ये तासभर मुरवला, कॉक सोडून गोड पाणी काढलं, ते हॉप्स नावाच्या कडू वाळक्या फुलांबरोबर उकळलं. सगळ्या घराला लापशी करपल्यासारखा वास. मग पातेलं बाथरूममध्ये बर्फाच्या टबात. कंपनीच्या बसची वेळ झाली तेव्हा भाऊजींनी ते बादलीत ओतलं, झाकण लावलं, नळी जोडली आणि फोनवर मेसेज टाकला: बादली भरली, झाकण ओके. तिकडून नवऱ्यानं अंगठा पाठवला.

त्यानंतर नवरा रोज कामावरून आला की बूट न काढता बाल्कनीत. बुडबुडा नाही. "सुरुवातीला वेळ लागतो," म्हणायचा. आई भाबडेपणानं विचारायच्या, "काय रं, झालं का माझं पाणी?" हा म्हणायचा, "मुरतंय अजून."

असा आठवडा गेला आणि गुरुवारी चव बघायला भाऊजी आले. आईही पेला घेऊन बसल्या. त्यांचंच पाणी ना!

भाऊजी खो खो हसले. "काकू, तुम्ही पण? वा! बिअर आवडते होय तुम्हाला?"

बिचाऱ्याला आमच्या घरातली थाप माहीतच नव्हती.

आईंनी पेला खाली ठेवला. लेकाकडे बघितलं. "दारू हाय व्हय ही?"

नवऱ्यानं आईंचा पेला हळूच आपल्याकडे ओढला.

"माझ्याच हातनं भरडून आणवलीस?" एवढंच बोलून त्या आत गेल्या. पिशवीत लुगडी भरल्याचा आवाज मला ऐकू येत होता. मला रडू फुटलं आणि राग तर इतका आला की ती बादली नवऱ्याच्या डोक्यात ओतावी. आईंना निदान घोटभर पाणी तरी द्यावं म्हणून मी फ्रिज उघडला. बाटलीमागे एक चकचकीत पाकीट उभं होतं. यीस्टचं. न फोडलेलं.

मी ते हॉलमध्ये आणून दोघांपुढे टाकलं.

"तू नाही टाकलंस?" नवरा.

"मला वाटलं तू आल्यावर टाकशील," भाऊजी.

"झाकण ओके असं लिहिलं होतंस!"

"झाकण ओकेच होतं राव!"

दारात आई पिशवी घेऊन उभ्या आणि या दोघांचं कोणाच्या शिफ्टमध्ये चुकलं यावर सुरू! बादली उघडली तर शिळ्या आंबिलीचा वास आणि वर साय धरलेली. मग नवऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. उडी मारून आईंपुढे गेला. "आई, यीस्ट पडलंच नाही! दारू झालीच नाही! घरात दारू आलेलीच नाही!"

आईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "झाली न्हाई याचा तुला आनंद हाय, का वाईट वाटतंय? खरं सांग."

मी मनात म्हटलं, अरे बाबा, आनंद म्हण. आत्ता तरी तोंड सांभाळ. भाऊजीही मागून डोळ्यांनी तेच खुणावत होते.

नवऱ्यानं एकदा बादलीकडे बघितलं. मग म्हणाला, "वाईट वाटतंय, आई. फार मन लावून केली होती."

आईंनी पिशवी माझ्या हातात दिली आणि सोफ्यावर बसल्या. पदरानं डोळे पुसले.

"तुझा बाप," त्या म्हणाल्या, "मरस्तवर एकदाबी खरं बोलला न्हाई."