अंगठ्यावरची शाई

इतकी वर्षं लोटली, पण त्या बाईचा जबाब मी विसरू शकलेलो नाही. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी राहुरी तालुक्यात फौजदार होतो.

एके दिवशी सकाळची हजेरी संपत असताना एक गृहस्थ ठाण्यात आले. नोकरी मुंबईत. वडील नुकतेच गावी वारलेले. वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन मृत्युपत्राने त्यांच्या विधवा भाचीला गेली होती. गृहस्थांनी वडिलांची चार पोस्टकार्डं टेबलावर ठेवली. प्रत्येकावर ठसठशीत सही होती.

"साहेब, वडील सही करायचे. मग मृत्युपत्रावर अंगठा कसा?"

प्रश्न बिनतोड होता. अर्ज दाखल करून घेतला.

मृत्युपत्र करणारे वकील तालुक्यात मानाचे. मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं, वारसनोंदी हेच त्यांचं काम. म्हातारी माणसं त्यांच्या ओट्यावर निर्धास्त बसायची. त्यामुळे माझा संशय सरळ भाचीवर गेला.

मी गावी गेलो. बाई चाळिशीच्या. नवरा गेल्यापासून मामाजवळ राहून त्याचं सगळं करत होत्या. पंचांसमक्ष जबाब सुरू केला.

"मामा गेले तेव्हा घरात कोण होतं?"

"मी एकलीच. सकाळी लई घाबरं झालं, मामा म्हनले म्हनून वकीलसायबांना सांगावा धाडला. ते आले तवा मामा नुकतंच गेल्तं."

"मग?"

"ते म्हनले, शेजाऱ्यांना बोलवा. मी गेले. माघारी येऊन मामाचे हात पुसले, तर अंगठ्याला शाई हुती. लई घासली, पन निघंना. तशीच ऱ्हायली."

कारकुनाची लेखणी थांबली. बाई माझ्याकडे शांतपणे बघत होत्या. आपण काय सांगून बसलो, हे त्यांना कळलंच नव्हतं. मी जबाब वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली.

दुपारी वकिलांच्या कचेरीत गेलो. जबाबातली ती ओळ वाचताच त्यांनी चष्मा काढला.

"फौजदारसाहेब, तिला यातलं काही माहीत नाही. आधी ते लिहून घ्या."

मग त्यांनी कपाटातून एक मसुदा काढला. त्यावर महिन्याभरापूर्वीची तारीख होती. मजकूर मृत्युपत्राचाच.

"म्हातारा तीनदा आला माझ्याकडे. मुलं विचारत नाहीत, जमीन पोरीच्या नावे करा म्हणाला. नगरच्या कोर्टात माझी मोठी केस चालू होती. तिन्ही वेळा मी त्याला पुढच्या बाजारी या म्हणून परत पाठवलं. त्या दिवशी याचीच पक्की प्रत घेऊन पोचलो, तर सगळं संपलेलं. पोरगी पायाशी बसून रडत होती. तिच्यासमोर मला उभं राहवेना. तिला शेजाऱ्यांकडे पाठवलं आणि म्हाताऱ्याचा अंगठा मीच कागदावर उठवला."

साक्षीदार म्हणून दोघा ओळखीच्यांनी त्यांच्या शब्दावर नंतर सह्या केल्या होत्या. मी पंचनामा केला, मसुदा जप्त केला आणि वकिलांना अटक केली. ठाण्यापर्यंत ते माझ्या शेजारून चालत आले. बाजारातली माणसं उठून नमस्कार करत होती.

गुन्हा कबूल असल्याने खटला लवकर उरकला; वकिलांना शिक्षा झाली, सनद गेली. मृत्युपत्र रद्द होऊन जमीन मुलांना मिळाली. त्यांनी ती विकली.

पुढच्या वर्षी दुष्काळी कामावर बंदोबस्ताला गेलो होतो. खडी फोडणाऱ्या बायकांमधून एकीने मला हाक मारली. मी लगेच ओळखलं.

"सायेब, एक इचारू? मामाच्या मनात खरंच हुतं का, मला जमीन द्यायचं?"

"होतं बाई. कागद मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसून पुन्हा हातोडी उचलली.

तपासात माझी कुठेही चूक झाली नव्हती. तसाच प्रसंग आला तर मी आजही तेच करीन. पण तो मसुदा मी जप्त केला तेव्हा त्यात काय लिहिलंय हे त्या बाईला जाऊन सांगावं, एवढं मला सुचलं नाही. गुन्हेगार सापडला की पोलिसाचं काम संपतं, असं मी त्या दिवसापर्यंत समजत होतो.