पडद्यावरच्या रेघा आणि आमचा नंदादीप
आखातात, जाब्रियाच्या फ्लॅटमध्ये नवऱ्याने नवा छंद काढला होता: कॉम्प्युटरला जोडायचा रेडिओ. हातात मावेल एवढी डबी सिग्नल पकडायची, बाकी सगळं सॉफ्टवेअर करायचं. स्टेशनं पडद्यावर उंच शेंड्यांसारखी दिसायची. त्या नवरात्रात मात्र स्टेशन नव्हतं तिथेही सारख्या अंतरावर रेघा उभ्या राहिल्या, आणि याची जेवणावरची वासना उडाली.

अँटेना काढली की रेघा जायच्या. म्हणजे दोष डबीत नाही, बाहेरून काहीतरी येतंय. मग लॅपटॉप बॅटरीवर ठेवून त्याने एसी, फ्रिज, ट्यूबलाइट, मोबाइलचे चार्जर, सगळं एकेक करून बंद केलं. रेघा तशाच. देव्हाऱ्याकडे हात गेला तेव्हा मी अडवलं, "अरे, घट बसलेत. दिवा विझवायचा नाही." दिवा विजेचा होता, दोघं नोकरीवर, बंद घरात तेलाचा ठेवणार कसा? पण नियम तो नियम. त्यानेही मुकाट्याने हात मागे घेतला.

संशय खालच्या मजल्यावर गेला. तिथे केरळची एक नर्स राहायची आणि तिच्या म्हाताऱ्या आईला ऑक्सिजनचं मशीन लागायचं. ओळख माझी, म्हणून विचारायला मी गेले. "दो मिनट चलेगा," म्हणत नर्सने मशीन बंद केलं. अम्मा उशीला टेकून तोंडाने श्वास घेऊ लागली. माझ्या कानाला मोबाइल, आणि वरून हा म्हणतोय, "अजून आहेत. थांब जरा, पुन्हा बघतो." शरमेने मान वर होईना. तरी मी थांबले.

वर आले ती तडक देव्हाऱ्याशी, आणि दिव्याचा अडॅप्टर ओढून काढला. रेघा गेल्या. नवरा खूश झाला. मला त्याच्याकडे बघवेना, आणि देवाकडे तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगायला खाली गेले, तर मशीनचा आवाज नव्हता.

"अम्मा बोलती है, साब का काम होने तक शाम को बंद रखो," नर्स म्हणाली. "मैं बोला, सुनती नहीं."

मीच पुढे होऊन बटण दाबलं. "आपका मशीन नहीं था. हमारे भगवान का दिया था."

तिने ते मल्याळममध्ये आईला सांगितलं. अम्मा धापा टाकत काहीतरी बोलली.

"पूछती है," नर्स म्हणाली, "आपका दिया बुझ तो नहीं गया?"