परड्यातले पैंजण

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर वाचताना बहुतेक वेळा मनात येतं — झोप झाली नसेल, नाहीतर रात्री जेवण जड झालं असेल. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून माहेरी अंगारा, उतारा, दृष्ट काढणं, सगळं बंद. सासरीही तेच. त्यात मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. तेव्हा हे लिहिताना थोडा संकोच वाटतोय... पण घडलं ते असं.

साल १९९८. माझे मिस्टर शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो, आणि यशोधरा — आमची यशू — झाली तेव्हा त्या अगदीच अपुऱ्या पडायला लागल्या. मग कसबा बावड्यात एक जुनं बैठं घर विकत मिळालं. कौलारू, जाड भिंतींचं. एकामागे एक तीन खोल्या — पुढची, मधली आणि स्वयंपाकघर — आणि त्यामागे परडं. परड्यात शहाबादी फरशी, कडेला धुण्याचा दगड, भोवती पुरुषभर उंचीची भिंत. घराचे मालक मगदूम तात्या. बायको गेल्यावर ते जयसिंगपूरला चुलत पुतण्याकडे राहायला गेले होते.

घर मजबूत होतं पण काम भरपूर होतं. कौलं शेकारायची, गिलावा नवा, वायरिंग नवं, स्वयंपाकघराला ओटाच नव्हता. आम्ही एका खोलीत संसार गोळा करून दुसरीचं काम चालू ठेवायचो. यशू सहा महिन्यांची होती, नुकती बसायला लागलेली. आंघोळ घालून पाळण्यात टाकली की सिमेंटचा वास, हातोड्याचा आवाज, कशाचंही तिला काही वाटायचं नाही, खुशाल झोपायची. मी त्या वर्षी बिनपगारी रजेवर होते. केसात धूळ, कणकेत धूळ, पण मी सुखात होते. आपलं घर होतं ना.

एका दुपारी गवंडी जेवायला गेले होते. यशू मधल्या खोलीत झोपलेली. मी स्वयंपाकघरात खाली बसून तांदूळ निवडत होते. तेवढ्यात मधल्या खोलीतून एक लहान मूल पळत आलं. म्हणजे दिसलं काहीच नाही — आवाज आला. फरशीवर अनवाणी पावलं आणि पायात पैंजण. बारीक घुंगरांचे, लहान मुलांच्या पायात असतात तसे. आवाज माझ्या पाठीमागून गेला, दाराबाहेर परड्यात गेला, आणि थांबला.

मला वाटलं, शेजारचं कुणाचं तरी पोर. "कोण गं तू?" म्हणत मी उठून बाहेर गेले. परड्यात कुणी नव्हतं. परड्याच्या भिंतीतल्या दाराला आतून कडी. तेवढ्या भिंतीवरून लहान मुलाला चढून जाणं शक्यच नव्हतं. परत येऊन पाहिलं तर यशू गाढ झोपलेली. आणि तिच्या पायात पैंजण काय, साधे वाळेसुद्धा नव्हते. मी मुद्दामच घातले नव्हते, कातडीला काचतात म्हणून.

सोडून दिलं मी. जुनं घर, आवाज घुमतात. पण काही दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. कधी सकाळी, कधी दुपारी, नेहमी उजेडात. वाट ठरलेली — मधली खोली, स्वयंपाकघर, परडं. आणि शेवटही ठरलेला. आवाज हळूहळू विरत जायचा नाही. धुण्याच्या दगडाजवळ तो एकदम तुटायचा.

एका रविवारी मिस्टर घरी होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पेपर वाचत होते, मी समोर भाकरी थापत होते. आवाज आला. मधल्या खोलीतून निघाला, आमच्या दोघांच्या मधून गेला... अगदी मधून. मी थापता थापता थांबले आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

"ऐकलंत?" मी विचारलं.

"काय?"

"आत्ता कोण पळत गेलं?"

त्यांनी आधी माझ्याकडे, मग परड्याकडे पाहिलं. "कुणी नाही गं. तुझी झोप होत नाहीये. यशू रात्री उठवते, दिवसा ही धूळ. डॉक्टरांकडे जाऊन येऊया का?"

चेष्टा नव्हती त्यात, काळजीच होती. आणि तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. घराला नाही, स्वतःला. बाळंतपणानंतर काही बायकांना भास होतात हे मी वाचलेलं होतं. तान्ही मुलगी माझ्या हातात, आणि माझंच डोकं ठिकाणावर नसेल तर? त्यानंतर मी त्यांच्याजवळ हा विषय काढला नाही. आवाज आला की ओठ घट्ट मिटून हातातलं काम करत राहायची. रात्री मात्र यशूच्या पाळण्यावर हात ठेवून पडायची.

त्याच सुमाराला अक्का आली, माझी मोठी बहीण. तिला हुपरीला दिलीय. तिच्या घरी चांदीचं काम चालतं. पैंजणाला घुंगरं जोडण्यात तिचा अर्धा जन्म गेलाय. मी तिला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. सांगून ती करणार तरी काय होती?

सकाळची वेळ. पुढच्या खोलीत शंकरमामा गवंडी टाईल्स बसवत होते. अक्का मधल्या खोलीत स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून, पाय पसरून यशूला तेल चोळत होती, मी स्वयंपाकघरात. आवाज आला, पाठीमागून गेला, परड्यात तुटला. मी मान वर केली नाही.

"अगं, कुणाचं पोरगं गेलं गं आत्ता तुझ्याकडं?" अक्का आतून म्हणाली.

माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं.

"तुला ऐकू आलं?"

"न ऐकाय काय बहिरी हाय व्हय मी? पैंजण घालून पळतंय की. धरून ठेव त्याला, मामांनी हत्यारं टाकल्यात सगळीकडं, लागंल कुठंतरी."

मी मधल्या खोलीच्या दारातच बसले आणि रडायला लागले. अक्काला काही कळेना. तेलकट हातानं ती माझी पाठ चोळत राहिली. मग मी तिला सगळं सांगितलं. मला वेड लागलेलं नव्हतं. आवाज खरा होता. तो कशाचा हा पुढचा प्रश्न, पण त्या क्षणी मला तेवढंच पुरेसं होतं.

अक्काला भीती वगैरे काही वाटली नाही. ती म्हणाली, "कुठं थांबतंय म्हणालीस? चल, दाव मला."

मी तिला धुण्याच्या दगडाजवळ नेलं. अक्कानं यशूला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं पाण्यानं भरलेली बादली उचलून फरशीवर जरा जोरात आपटली. मग दोन पावलं सरकून पुन्हा आपटली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पहिल्या जागी आवाज पोकळ आला होता.

मी शंकरमामांना हाक मारली. ते आले, फरशीकडे पाहिलं, म्हणाले, "म्याडम, हितलं काय काढायचं न्हाय म्हणून सायबांनी सांगितलंय. फरशी चांगली हाय की. कशाला उचकटताय?"

"मामा, एकच काढा. खाली काही नसेल तर परत बसवा. कारण मात्र विचारू नका."

मामांनी सांध्यात पहार घालून फरशी उचकटली. खाली तांबडा मुरूम, चांगला दाबून बसलेला. "बघा," मामा म्हणाले, "घट्ट हाय का न्हाय?" आणि आम्हाला दाखवायला म्हणून त्यांनी पहार उभी धरून त्या मुरमात ठोसली.

पहार आत गेली. मग आणखी आत गेली. मग मामांच्या हातातून निसटून दिसेनाशी झाली. क्षणभर काहीच नाही... आणि मग खूप खालून पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला.

मामांनी हात आडवा करून आम्हाला मागं सारलं. मग पालथे पडून त्यांनी हातानं मुरूम बाजूला केला. खाली लाकडी फळ्या होत्या, कुजून काळ्या पडलेल्या, बोटानं दाबली तर भुगा होत होता. फळ्यांखाली घडीव दगडांचा जुना आड. आत काळं पाणी. ओला, कोंदट वास वर आला.

मामा उठले. कपडे झटकायचंही त्यांना सुचलं नाही. "ह्यो एक पावसाळा काढला नसता ह्यानं," ते म्हणाले.

संध्याकाळी मिस्टर आले. मी काही बोलण्याआधीच अक्कानं त्यांना परड्यात नेलं. ते कडेला उभे राहून बराच वेळ आत बघत राहिले. मग एक खडा टाकला, आवाज ऐकला. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. मला म्हणाले, "यशू चालायला लागली की याच कोपऱ्यात तिच्यासाठी वाळू टाकायची असं ठरवलं होतं मी. सावली असते म्हणून." डॉक्टरांचं नावही त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.

आता तुम्हाला वाटेल तेच मलाही वाटलं होतं — या आडात कधीतरी कुणाचं मूल गेलं असणार. तो विचार आडापेक्षा वाईट होता. ज्या घरात मी लेकीला वाढवणार, तिथं असं काही घडलेलं असलं तर? मला राहवेना. पुढच्या रविवारी आम्ही यशूला घेऊन एसटीनं जयसिंगपूर गाठलं.

मगदूम तात्या ओसरीत बसले होते. "या पावणं," म्हणून त्यांनी पाणी मागवलं. मिस्टरांनी आडाचं सांगितलं तसा तात्यांचा चेहरा उतरला.

"आरं तिच्या... इसरलोच की मी. नळ आला तवा मीच झाकला त्यो. फळ्या घालून वर मुरूम, मुरमावर फरशी. तवा लई दणकट वाटलं. पुढं दोघं म्हातारी आमी, पाय हलका आमचा. ध्यानातच ऱ्हायलं न्हाय." त्यांनी यशूकडे पाहिलं आणि हात जोडले. "पोरीला काय झालं न्हाय न्हवं?"

"नाही तात्या, काही नाही," मी म्हटलं. "एक विचारू? त्या आडात कधी कुणी पडलं होतं का? एखादं लहान मूल?"

"न्हाय ओ बाई. आमच्या वडलांनी खोदला त्यो. कुत्रंसुदिक पडलं न्हाय त्यात."

"आणि घरात? कुणाचं लहान मूल..."

तात्या थोडं हसले. "त्या घरात मी एकटाच वाढलो. पुढं आमाला मूलबाळ झालं न्हाय. आमच्या हिनं लई वाट बघितली, पर न्हाय. पैंजणाचा पाय त्या घरात फिरलाच न्हाय कधी."

मी त्यांना पैंजणाचं काही सांगितलं नव्हतं. हा शब्द त्यांच्या तोंडी सहज आला, बोलायची रीत म्हणून. पण अंगावर काटा आला. आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की काय सांगू. कुणाचं मूल गेलेलं नव्हतं. निघताना तात्यांनी यशूच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मामांनी आड बुजवला. घराचा निघालेला सगळा राडारोडा, जुना गिलावा, फुटकी कौलं त्यात गेली, वर दगड, मुरूम आणि जाड काँक्रीट. त्या दिवसानंतर आवाज थांबला. मी कान लावून बसायची, पण नाही. मला शांत झोप लागायला लागली. घराचं काम संपलं, मी शाळेत परत रुजू झाले.

गोष्ट इथंच संपली असती तर मी ती कदाचित लिहिलीही नसती.

पुढच्या वर्षी यशू पळायला लागली. अक्कानं हुपरीहून स्वतःच्या हातांनी तिच्यासाठी पैंजण करून आणले आणि तिच्या पायात घातले. त्याच दुपारी मी ओट्याशी उभी राहून कणीक मळत होते. मधल्या खोलीतून ती निघाली. माझ्या पाठीमागून पळत गेली, दाराबाहेर परड्यात गेली, आणि काँक्रीटवर पोचल्यावर एकदम थांबली.

मला वळून बघावं लागलं नाही. तो आवाज मला पाठ होता. तीच पावलं, तीच घुंगरं. मी आदल्या वर्षी ऐकत होते तो आवाज माझ्याच लेकीचा होता — आणि तेव्हा ती पाळण्यात झोपलेली होती.

पिठाच्या हातानं मी बाहेर गेले. यशू उकिडवी बसून मुंग्यांची रांग बघत होती. मी तिच्याशेजारी काँक्रीटवर बसले. खाली सगळं घट्ट होतं. तिनं मला मुंगी दाखवली.

मिस्टरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. "आवाज आधी आणि माणूस मागून, असं कुठल्याच नियमात बसत नाही," एवढंच म्हणाले. बसत नाही, हे मलाही माहीत आहे. मी मुलांना ध्वनी शिकवते — कंपन, माध्यम, कान. त्यात याला कुठंही जागा नाही. इतक्या वर्षांत मी पुष्कळ विचार केला, शक्यता मांडून पाहिल्या, एकही टिकली नाही.

मध्यंतरी अक्काकडे हुपरीला गेले होते. तिलाही ते सगळं आठवतं. मी म्हटलं, "अक्का, ते काय होतं याचा मला अजून पत्ता लागला नाही बघ."

ती घुंगरं जोडत होती. मान वर न करता म्हणाली, "न लागंना. पोरगी हाय न्हवं डोळ्यांसमोर? मग झालं की."