उशिरा झालेलं जलदान

बाबा गेले तेव्हा मी पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकत होते. व्हिसाच्या घोळामुळे नागपूरला जाणं जमलं नाही. घरी त्यांच्या नावानं पाणी ओतायचा जलदान विधी झाला तेव्हा भंतेजी व्हिडिओ कॉलवर त्रिसरण देत होते आणि मी फोन म्यूट करून नुसते ओठ हलवत होते. कारण पलीकडच्या खोलीत माझी पुण्याची रूममेट ऋचा होती. इथे बुद्धाची मूर्ती शोपीस म्हणून कुठेही खपते; वंदना म्हटली की आपल्याच माणसांचे जातीचे प्रश्न सुरू होतात. ऋचाला मी सांगून ठेवलं होतं की बाबा महापालिकेत ऑफिसर आहेत. बाबा सफाई कामगार होते. त्यांना निरोप देतानाही माझा आवाज फुटला नाही, याची इतकी लाज वाटली की पुढे वंदनाच सुटली. कोणत्या तोंडानं म्हणायची?

आमच्या कॅम्पस बसच्या ड्रायव्हर मिस रूथ, साठीच्या कृष्णवर्णीय बाई. एकदा उतरताना माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "कोण गेलं तुझं?" मी म्हटलं, "वडील." त्या म्हणाल्या, "मग जूनटीन्थला, एकोणीस जूनला, आमच्या चर्चमध्ये ये." मी जाणार नव्हते. पण बार्बेक्यू आहे म्हटल्यावर ऋचानंच मला ओढून नेलं.

चर्चच्या अंगणात मिस रूथनी त्या दिवसाची गोष्ट सांगितली. गुलामी संपल्याचा हुकूम टेक्ससमधल्या त्यांच्या माणसांपर्यंत दोन वर्षांहून अधिक उशिरा पोचला होता. "उशिरा मिळालं म्हणून स्वातंत्र्य आम्ही परत नाही केलं," त्या हसून म्हणाल्या. मग पाण्याचा जग फिरू लागला. एकेकानं झाडाच्या मुळाशी पाणी ओतायचं, आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि तो काय काम करायचा ते मोठ्यानं सांगायचं. कुणाची पणजी कापूस वेचायची, कुणाची आजी लोकांची धुणी धुवायची. प्रत्येक नावानंतर सगळे म्हणत, "आशे." आम्ही वंदनेनंतर "साधु, साधु" म्हणतो, तसंच.

जग माझ्या हातात आला. शेजारी प्लेट घेऊन ऋचा उभी. आम्ही बौद्ध चमत्कार मानत नाही, आणि हा चमत्कार होता असं मी म्हणतही नाही. पण जलदानाबद्दल मी तिथे कुणाशीच बोलले नव्हते, आणि तेच पाणी माझ्या हातात होतं. इंग्रजीत सुरू केलेलं वाक्य मराठीत संपलं: "माझे बाबा, सुखदेव. नागपूरचे रस्ते झाडायचे." मी रडत होते. सगळे म्हणाले, "आशे." ऋचाचा आवाज थोडा उशिरा आला.

परतताना ती म्हणाली, "यार, मला खोटं का सांगितलंस? मी काय केलं होतं?" तिनं काहीच केलं नव्हतं. तिच्या आधीच्या पुष्कळांनी केलं होतं. मी तिला तसंच सांगितलं.

त्या अंगणाचे उपकार मी विसरणार नाही. शरण जायचं तर आधी लपणं सोडावं लागतं, हे मला तिथे कळलं. पुढच्या रविवारी खोलीचं दार उघडं ठेवून मी नागपूरला फोन लावला आणि घरच्यांबरोबर पूर्ण वंदना म्हटली. संपल्यावर आईनं फोन हातात घेतला.

मग म्हणाली, "आज आला वं तुझा आवाज."