पुढच्या सीटवरचं घोंगडं

अगं ए, जरा जवळ सरक. लांबून ऐकायची तुझी खोड जुनीच. आणि काय गं, परवा फोनवर म्हणालीस, "आजी, विकून टाक की ती गाडी, कशाला जीव अडकवून बसतेस?" पुण्यात राहून तोंड लईच सुटलंय तुझं. लेकीची लेक म्हणून सोडते. पण बोलायच्या आधी विचारायचं तरी, की आजी, गाडीचं नक्की झालं काय. आता गुमान बस आणि ऐक.

गाडी म्हणजे आपली अँबॅसिडर. दुधावरच्या सायीच्या रंगाची. तुझे आजोबा गेल्यापासून गोठ्याशेजारच्या शेडातच उभी असते. तुझा मामेभाऊ अधूनमधून ती चालू करायचा, अंगणात फिरवायचा आणि परत लावायचा. यंदा तिचं पासिंग संपत आलं आणि जेवायच्या ताटावर बापलेकांची जुंपली.

"आजी, पुढचं सीट काढून दोन येगळी सीटं बसवतो," नातू म्हणाला. "गिअर खाली घेतो, एसी टाकतो. लग्नात भाड्यानं देऊ. नवरदेवाला असली गाडी भवानीनगरपासून बारामतीपर्यंत कुठं हाय का?"

"आरं, एवढं कापल्यावर तिच्यात अँबॅसिडर राहिली कुठं?" तुझा मामा म्हणाला. "त्यापरीस ते पुण्याचे साहेब मागत्यात, त्यांना देऊ. जुन्या गाड्या सांभाळत्यात ते. त्यांना जशीच्या तशी पायजे."

"म्हंजे शेडात ट्रॅक्टरला जागा व्हईल, असंच ना आप्पा?"

"व्हय, असंच. तुझा लाडका ट्रॅक्टर उन्हापावसात उभा हाय, ते दिसतंय का न्हाय?"

गाडीचे कागद माझ्या नावावर. म्हणून दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, आधी भाकरी खावा, गार होतीय.

पण ते पुढचं सीट काढायचं म्हणाला ना, ते लागलं मला. तुला ठाऊक आहे ना, त्या गाडीला पुढं एकच लांब सीट आहे, बाकड्यासारखं. गिअर स्टिअरिंगच्या दांडीला, म्हणून मधे पाय ठेवायला जागा. आजोबा चालवायला, मी मधे आणि तुझी आई खिडकीशी. त्या सीटवर घोंगडं असतंय, काळं, ते माझ्या वडलांनी, आबांनी दिलेलं.

आता हे तुला कुणी सांगितलं नसणार. माझं माहेर सुप्याकडचं. हितं कॅनॉलचं पाणी आणि ऊस, तितं माळ आणि बाजरी. आबांच्या घरात मेंढरं होती. पुढं ती कमी कमी होत गेली, पण लोकर त्यांनी राखून ठेवली होती. आम्ही गाडी घेतली म्हटल्यावर त्या लोकरीचं घोंगडं विणून घेतलं, चिंचोक्याची खळ लावलेलं, चांगलं कडक. गाडी घेऊन पहिल्यांदा माहेरी गेलो, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं ते दुहेरी करून पुढच्या सीटवर अंथरलं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर बसलं. माप घेऊन विणल्यागत.

त्याच दिवशी त्यांना बारामतीला डोळे दाखवायला न्यायचं होतं. निघालो. बारामतीत दवाखान्यासमोर गाडी थांबली, आबा खाली उतरले आणि उभेच राहिले. डांबर असलं तापलेलं की एकदा हा पाय वर, एकदा तो पाय वर. आजोबांनी सासऱ्यांना विचारलं, "मामा, पायताणं कुठं हायती?"

"तितंच," आबा म्हणाले, "रस्त्याच्या कडंला. घोंगडं हातरल्यालं, त्याच्याकडं पायताण घालून कसं जायाचं?"

अगं, आमच्यात अंथरलेल्या घोंगड्याला चप्पल लागू देत नाहीत. मानाची बैठक ती. देवाचं, सोयरिकीचं, सगळं बोलणं तिच्यावर बसून व्हायचं. आबांनी घरासमोर बाहेर काढतात तशा गाडीबाहेर वहाणा काढल्या आणि आत बसले. आजोबा इतके हसले की त्यांना दाराला धरून उभं राहावं लागलं. नवी जोडी घेऊ म्हणाले, तर आबा कुठले ऐकतात. "माझी तितं वाट बघत्यात," म्हणाले. अनवाणीच डोळे तपासून घेतले. संध्याकाळी सुप्याला परत गेलो, तर बाभळीखाली दोन्ही वहाणा जशाच्या तशा, शेजारी शेजारी.

तेव्हापासून आपल्या घरात त्या गाडीत कोणी चप्पल घालून बसलं नाही. फक्त आजोबांनी एक सुधारणा केली. चपला काढायच्या, पण उचलून मागं ठेवायच्या.

तर सांगत काय होते, माझ्या मनानं विकायचं ठरवलं. खरंच ठरवलं. म्हटलं, आपल्या दारात फाडून ठेवण्यापेक्षा दुसऱ्याच्या दारात अख्खी राहील.

साहेब आले. माणूस चांगला, बोलायला मऊ. बॉनेट उघडलं, खाली वाकून बघितलं, दारं लावून उघडून आवाज ऐकला. मग म्हणाले, "आजी, हे जरा उचलू का?" आणि घोंगडं बाजूला केलं. खालचं हिरवं रेग्झीन बघून त्यांचा चेहराच फुलला. "अहो, हे तर काल बसवल्यासारखं आहे! असं मूळचं सीट मला कुठंच मिळालेलं नाही." आणि घोंगड्याची नीट घडी करून माझ्या हातात दिली. "हे तुम्ही ठेवा, आजी. हे गाडीचं नाही."

आबांच्या घोंगड्यानं इतकी वर्षं सीट राखलं, आणि आता तेच गाडीचं नाही म्हणे. त्यांचंही चूक नव्हतं गं. घडी छातीशी धरून उभी राहिले. चिंचोक्याचा जुना वास अजून होता त्याला.

साहेबांना गाडी रस्त्यावर बघायची होती. कळंबच्या रस्त्यानं जाऊन येतो म्हणून नातू चालवायला बसला, साहेब शेजारी. फाटकापाशी उभी केलेली गाडी निघून गेली. धुरळा बसला. आणि बघते तर फाटकापाशी नातवाचे बूट. शेजारी शेजारी.

सीटवर तर घोंगडंही नव्हतं.

तुझ्या मामानं बुटांकडं बघितलं. मग माझ्याकडं. "आबांची पायताणं," एवढंच म्हणाला आणि खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत गोठ्याकडं गेला.

गाडी परत आली तेव्हा साहेब हसत उतरले. "आजी, तुमचा नातू चहाच्या टपरीवर अनवाणी नाचत होता!"

"आरं, बूट का काढलंस?" मी विचारलं.

"आं?" त्यानं पायाकडं बघितलं. "आजी, ध्यानातच न्हाय आलं. आजोबांबरोबर बसताना काढायचोच की."

"आणि तेच सीट उपटून टाकणार हुतास व्हय रं, शहाण्या?" गोठ्यातनं मामाचा आवाज आला.

पोरगं पुढं आलं. मग माझ्या हातातलं घोंगडं घेतलं, दार उघडलं आणि दुहेरी करून अंथरायला लागलं. वाकडं अंथरलं, पण अंथरलं. तेव्हाच मी साहेबांना हात जोडले. म्हटलं, साहेब, तुम्हाला फुकटचा हेलपाटा झाला, पण गाडी द्यायची नाही. ते भले गृहस्थ, जेवून गेले. जाताना नातवाला ब्रेकचं सामान कुठं मिळतं तेवढं सांगून गेले.

तर आता असं चाललंय. इंजिन उघडलंय, ब्रेक नवे पडतायत, पासिंगला गाडी जाईल. एसी नाही, गिअर दांडीलाच, सीट आहे तसं. ट्रॅक्टरवर मामानं ताडपत्री घातलीय आणि येता-जाता नातवाला टोमणे मारतोय.

गाडी निघाली की पहिली सुप्याला न्यायची, माझ्या भावाकडं. नातू चालवणार, मी मधे. खिडकीची जागा मोकळी आहे, तुझ्या आईची. तिला गुडघ्यांमुळं जमायचं नाही, तर तू बस. सुट्टी काढ आणि लवकर परत ये गं. चपला काढायच्या, पण रस्त्यावर सोडू नकोस, मागं टाक.