गाडी गेली, सामान राहिलं

गाडी आहे पण तिच्यात धड सामान नाही, अशी माणसं पैशाला पासरी मिळतील. पण गाडीच नाही आणि गाडीचं सामान मात्र नखशिखान्त तयार, असा माणूस त्रिभुवनात एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मी मूळचा सोलापूरचा. तंजावूरच्या एका कॉलेजात शिकवायला आलो आणि राजवाड्यामागच्या गल्लीतल्या एका मराठी घराचा जावई होऊन बसलो. बघण्याच्या कार्यक्रमात मला आधी मुलगी दाखवली आणि मग मुलीच्या मामांची गाडी दाखवली. आणि खोटं कशाला बोलू, गाडी जास्त वेळ दाखवली.

गाडी काळी, गुबगुबीत, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी निवांत होती. पण सामानातून ती दिसेल तर शपथ! टपावर पितळी कठड्याचं कॅरियर, पुढच्या काचेवर टोपीच्या झापडीसारखी हिरवी छपरी, बंपरला टांगलेली कॅनव्हासची पाण्याची पिशवी, मागच्या खिडक्यांना स्प्रिंगच्या तारेवरचे पडदे, सीटांना टर्किश टॉवेलची कव्हरं, डॅशबोर्डवर वाटीएवढा पंखा आणि त्याच्या शेजारी काचेची फुलदाणी. फुलदाणीत रोज ताजा दवणा. देवाच्या फोटोला एखादे दिवशी कालचा हार चालायचा, गाडीला नाही. पंख्याचं तोंड कायम मागच्या सीटकडे. पुढे बसणाऱ्यांना वारा लागत नाही, असं मी एकदा भीत भीत म्हणालो. "माप्पिळ्ळे," मामा म्हणाले, "चालवणाऱ्याला घाम यायलाच पाहिजे. घाम आला की माणूस जागा राहतो." माप्पिळ्ळे म्हणजे तमिळमध्ये जावई. मामा खुशीत असले की मी माप्पिळ्ळे असतो आणि रागावले की जावईबापू होतो. त्यांचं मराठी भोसल्यांबरोबर इकडे आलं ते परत गेलंच नाही. त्यात 'सगळं'ला 'अस्कं' म्हणतात, 'कुठे'ला 'कोठ', 'म्हणून'ला 'मनून', आणि वाक्याला तमिळचा असा हेल, की त्यांनी शिवी दिली तरी पाळणा म्हटल्यासारखं वाटतं.

दाराच्या काचेपुढच्या त्या छोट्या तिकोनी काचेवर तर मामा प्रवचन करायचे. आता नव्या गाड्यांत ती नसते. बोटानं ढकलली की गर्रकन फिरायची आणि बाहेरचा वारा नेमका हवा तिथे आणून सोडायची. "अस्का वारा नको असतो माणसाला," मामा म्हणायचे, "आपल्या वाटणीचा तेवढा पाहिजे असतो." मी हे वाक्य वर्गात दोनदा वापरलं आहे आणि दोन्ही वेळा मुलांनी ते लिहून घेतलं.

मग एक दिवस गाडीचं इंजिन कायमचं गप्प झालं. ती जाणणारा मेकॅनिक आधीच देवाघरी गेला होता आणि सुटे भाग मिळेनात. भंगारवाला आला त्याच्या आदल्या दिवशी मामांनी पाना-पक्कड घेऊन सामान उतरवायला सुरुवात केली आणि दिवे लागेपर्यंत उतरवत राहिले. सकाळी भंगारवाल्यानं त्या बोडक्या गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, आत डोकावून पाहिलं आणि हात जोडून म्हणाला, "सार, गाडी तर तुम्हीच ठेवून घेतलीत. मी काय नेऊ?"

तेव्हापासून मामांच्या घरात गाडी राहते. टपाचं कॅरियर गच्चीवर आहे, त्यावर मामी सांडगे वाळवतात. स्टार्टिंगचा दांडा मागच्या दाराला अडसर म्हणून लागतो. रबरी फुग्याचा भोंगा दाराच्या चौकटीला ठोकला आहे; सकाळी दूधवाला तो दाबतो आणि गल्लीत बसलेली गाय उठून वाट देते. बाकीचं सामान पलंगाखाली, तेल-पाणी केलेलं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण गाडी गेली आणि मामी घरात अडकल्या. त्यांची थोरली बहीण पापनाशमच्या पुढे, कालव्याकाठच्या एका खेड्यात राहते. म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलेलं, ती घराबाहेर पडत नाही. आणि मामींना गाडी लागते. बसचं नुसतं नाव काढलं की चेहरा पडवळासारखा होतो. फोन करावा तर बहिणीला ऐकू येत नाही. इकडून मामी ओरडतात, "अक्का, मी बोलते गं!" तिकडून अक्का म्हणतात, "कोण? घरात कोणी नाही, उद्या या." एवढंच संभाषण. मग मामी फोन ठेवून पदरानं तो पुसत बसतात.

अशात मी नवी गाडी घेतली. देवळापुढे पूजा झाली, चाकांखाली लिंबं चिरडली, आणि मामा गाडीत डोकं घालून, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखे उभे राहिले.

"गाडी छान आहे, माप्पिळ्ळे. सामान कोठ आहे?"

"अस्कं आहे मामा हिच्यात."

"पंखा?"

"एसी आहे."

"एसी म्हणजे पंखा नव्हे. आरसा?"

"तीन आहेत. शिवाय मागचं दाखवणारा कॅमेरा."

"तो मागचा रस्ता दाखवतो," मामा म्हणाले. "मागची सीट कोण दाखवणार?"

मी हसलो. पुढच्याच रविवारी मोठ्या ऐटीत मामींना अक्कांकडे न्यायला निघालो. काचा बंद, एसी चालू, केवड्याच्या वासाची बाटली लावलेली, गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी चाललेली. मामी एक अक्षर बोलल्या नाहीत. वाटेतल्या अय्यमपेट्टैच्या अलीकडे जे व्हायचं ते झालं. तोंड धुऊन त्या इतकंच म्हणाल्या, "परत चला, जावईबापू. तुमची नवी गाडी... अक्का काय, आहे तिथे बरी आहे." परतीच्या वाटेवर त्यांचे डोळे मिटलेले होते, पण त्या झोपल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा खांद्याला पिवळी कापडी पिशवी अडकवून आमच्या दारात हजर! पिशवीतून पाना, पक्कड आणि पंख्याचं एक पातं डोकावत होतं. माझा चेहरा पाहून बायको म्हणाली, "बसवू दे त्यांना. मामीला जायचंय की नाही?" मग पुढे जे घडलं ते गाडी बनवणाऱ्यांनी पाहिलं असतं तर त्यांनी संन्यास घेतला असता. एसीच्या जाळ्यांवर मामांनी घडी घातलेले रुमाल बसवले. केवड्याची बाटली दोन बोटांत धरून, मेलेल्या पालीसारखी, बाहेर ठेवली. पडदे चढले, टॉवेल चढले, फुलदाणी चिकटली, तिच्यात दवणा आला. टचस्क्रीनच्या डोक्यावर पंखा उभा राहिला, तोंड अर्थातच मागे. पाण्याच्या पिशवीला बंपरवर आधार मिळेना, ती बाहेरच्या आरशाला लटकली. तिकोनी काच कुठेच बसेना. मामांनी ती चकचकीत चौकटीसकट, एव्हाना येऊन पोचलेल्या मामींच्या हातात दिली. "खिडकीपाशी धर आणि वारा लागेल तशी फिरव." मामींनी ती आरतीच्या ताटासारखी धरली. शेवटी मामांनी खिशातून बशीएवढा गोल आरसा काढला आणि चिमट्यानं डॅशबोर्डवर लावला.

पेट्रोल भरणाऱ्या माणसानं गाडीला खालपासून वरपर्यंत न्याहाळून विचारलं, "सार, कुलदेवतेला का?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

मागे मामी आणि माझी बायको, पुढे मी आणि मामा. निघाल्यापासून मामांनी रस्त्याकडे एकदाही पाहिलं नाही. डोळे त्या गोल आरशात. "हळू घे," म्हणाले. मग "काच अजून खाली." मग एकदम "थांब. त्या चिंचेखाली थांब."

"काय झालं? काही म्हणाल्या का त्या?"

"थांब रे आधी!"

थांबलो. मामी उतरल्या, कॅनव्हासच्या पिशवीतलं गार पाणी प्याल्या, भाताच्या खाचरांवरून येणाऱ्या वाऱ्यात पदर खोचून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मुकाट परत येऊन बसल्या. काहीही झालं नाही. मी मामांना हळूच विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

"खालचा ओठ आत गेला," मामा म्हणाले. "ओठ आत गेला की पुढच्या झाडाखाली थांबायचं. ती सांगत नाही ना कधी! लग्नानंतर पहिल्यांदा गाडीतून निघालो तेव्हाही नाही सांगितलं. एकदम करूनच दाखवलं. तेव्हा हा आरसा आणला. मग पंखा. पेट्रोलचा वास नको मनून दवणा. ऊन नको मनून पडदे. असं एकेक वाढत गेलं."

"आणि तुम्ही लोकांना ते घामाचं तत्त्वज्ञान सांगत होता?"

"बायकोसाठी पंखा लावला असं गल्लीत सांगू होय?" मामा लाजले. सत्तरीच्या पुढचा पुरुष लाजलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

मागून मामींचा आवाज आला, "मला अस्कं ऐकू येतं हं. मी अक्का नव्हे."

अक्का ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. गाडी पाहून त्यांना काही कळेना, पण खिडकीतला पडदा सरकला आणि त्या खुर्चीतूनच ओरडल्या, "आली गं! पडद्याची गाडी आली!" मग दोघी हात धरून बसल्या आणि एकाच वेळी बोलत सुटल्या. ऐकू एकीलाच येत होतं, पण कुणाचं काही अडलं नाही. मामी निघताना अक्कांनी गाडीच्या फुलदाणीतली दवण्याची काडी मागून घेऊन स्वतःच्या केसांत खोवली.

परतताना ऊन उतरलं होतं. पापनाशम मागे पडलं तेव्हा मामा पुटपुटले, "झोपली बघ. आता लाव तुझा एसी." मी लावला नाही. मामांनी हात पुढे करून तो गोल आरसा बोटभर माझ्याकडे वळवला. "माझं झालं. आता जरा तू बघ."

मी पाहिलं. मामी ती तिकोनी काच मांडीवर धरून झोपल्या होत्या आणि त्यांचं डोकं माझ्या बायकोच्या खांद्यावर होतं. मामींची झोप मोडू नये म्हणून ती अवघडून, अजिबात न हलता बसली होती, आणि पडद्याच्या फटीतून शेतं पाहत होती. दमलेली दिसत होती. इतकी वर्षं ती माझ्या शेजारी आहे, आणि मी रस्ता बघतो आहे. मी गाडी पुढच्या झाडाखाली थांबवली. मागून तिनं दबक्या आवाजात विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही," मी म्हणालो. "पाणी पितेस?"

घरी आल्यावर मामांनी सामान उतरवून पिशवीत भरलं. "गाडी तुझी आहे, माप्पिळ्ळे," म्हणाले, "लोक हसतील." आता मामा पिशवी घेऊन आले की समजायचं, मामींना अक्कांची आठवण आली. हल्ली त्यांचे हात थोडे थरथरतात, पंख्याचा स्क्रू बसवायला मी मदत करतो. आरसा तेवढा ते काढत नाहीत, मीही काढत नाही. एकटा कॉलेजला जाताना त्यात रिकामी सीट दिसते, आणि कधी कधी, खिडकी उघडी असली तर, दवण्याचा वास येतो.