ताईच्या गालावरची टिचकी

हसणार असाल तर आधी चहा संपवा. बोईसरच्या दवाखान्यात मी काय दिवे लावले ते ऐकाल, तर घोट नाकात जाईल!

आई जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. घरात उरलो दोघंच, ताई आणि मी. त्यात ताईच्या गळ्याचं ऑपरेशन. थायरॉइड काढली. दुसऱ्या दिवशी ती म्हणते, "नित्या, ओठांना मुंग्या येतात रे." झालं! मी धावलो आणि डॉक्टरांना जवळजवळ ओढतच आणलं.

त्यांनी ताईच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला, फुगवला आणि तसाच ठेवला. बघतो तर काय, ताईची बोटं आखडून चोचीसारखी झाली!

"सोडा! हात मोडताय तिचा!" मी पट्टा खस्सकन ओढून काढला.

डॉक्टरांनी ताईच्या कानापुढे, गालावर टिचकी मारली. तिचा ओठ उडाला.

आता तुम्हीच सांगा, उरलेल्या एकुलत्या बहिणीला डोळ्यांदेखत कुणी मारलं तर गप्प बसाल? मी त्यांचं मनगटच धरलं. "आजारी बाईला मारता?"

"अरे येड्या, सोड त्यांना! तपासतात ते!" ताई खेकसली. काय बाई आहे! स्वतःची बोटं सरळ होईनात, तरी सगळ्यांना सांभाळतेय तीच.

डॉक्टर मनगट चोळत म्हणाले, "थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या राखतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसला की कॅल्शियम उतरतं. मग पट्ट्याने हात आखडतो, टिचकीने ओठ उडतो."

एवढेसे दाणे, आणि अख्खं माणूस त्यांच्या भरवशावर!

कॅल्शियमची सुई शिरेतून सुरू झाली. अगदी सावकाश.

"पटकन द्या की!"

"घाई केली तर हृदय बिघडेल."

हळूहळू ताईची बोटं सुटली. तिने मूठ वळून बघितली आणि पहिला गुद्दा मलाच घातला!

मग मला काय सुचलं कोण जाणे. "डॉक्टर, माझ्या गालावर मारा बघू." ते वाटच बघत असावेत! टिचकी बसली आणि माझाही ओठ उडाला. मी थेट ताईच्या खाटेवर आडवा. "माझे पण दाणे गेले! सुई लावा!"

"अहो, काही धडधाकट माणसांचाही उडतो."

"राहू द्या त्याला," ताई म्हणाली. "आई गेल्यापासून झोपलेला नाय तो."

जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. गळ्याला पट्टी बांधलेली ताई स्टुलावर बसून मला वारा घालत होती, आणि शेजारच्या खाटेवरची बाई तिला विचारत होती, "आपके पेशंट को क्या हुआ है?"